धाकटीचा पेंटिंग क्लास

३ मार्च, मंगळवार. सकाळ

आज उगाचच शाळेतल्या रविवारच्या संध्याकाळी आठवल्या. मागच्या पायरीवर मी आणि धाकटी, मध्ये पांढऱ्या पॉलिशची बाटली आणि कॅनव्हासच्या बुटांचे दोन जोड. सोमवारी असेंब्लीत मदर सुपिरियर सगळ्यांचे बूट बघायच्या. धाकटी माझे बूट रंगवायची, मी तिचे. असं का, ते आठवत नाही. कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यायचा, आणि ती ओल्या बुटावर फुंकर घालत बसायची, जणू बूट नाही, वाटीत गरम दूध आहे.

तीच धाकटी काल जेवताना म्हणाली, "ताई, तू थांबवलंस तर मी राहीन. नाही तर रिटायर झाले की एक जूनला मी भाचीकडे जाते. तिने खोली तयार ठेवलीय."

तेही किती शांतपणे. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला 'आता खालची ओळ वाचा' म्हणते, त्याच आवाजात.

काय थांबवायचं ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझं संध्याकाळचं थोडंसं असतं, तेही ग्लासच्या रेघेपर्यंत मोजून. एमडींची सेक्रेटरी म्हणून सगळी नोकरी काढली, कधी उशीर नाही, कधी टाइपिंगची चूक नाही. आणि ही मला अटी घालते. सख्खी बहीण.

फ्रिजवर तिने चिठ्ठी लावली आहे. लायब्ररीची मागची खोली, मंगळवारी संध्याकाळी, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग.

ठरवलं. जाईन. निरीक्षक म्हणून. तिचं समाधान होईल आणि विषय संपेल.

४ मार्च, बुधवार

जाऊन आले. खोली पहिल्या मजल्यावर, जुन्या मासिकांचा वास. लोखंडी खुर्च्या गोलात मांडलेल्या, पण गोल अंड्यासारखा झालेला. चहाचा थर्मास गळका. मीटिंग चालवणाऱ्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. बोटीवरचे असावेत, चालताना डुलतात. बाहेर कोणी कोणाचं नाव काढायचं नाही असा तिथला नियम. म्हणून इथेही नावं लिहीत नाही. मी नियम पाळणारी.

सवयीने पॅड काढलं आणि शॉर्टहँडमध्ये मिनिट्स घ्यायला लागले. एक गृहस्थ मुलीच्या लग्नात आपण स्टेजवरून कसे पडलो ते रडत रडत सांगत होते. मी त्यांना म्हटलं, जरा हळू घ्या, 'पडलो'च्या पुढचं राहिलं. कॅप्टननी उठून माझ्या हातातली पेन्सिल अलगद काढून घेतली. म्हणाले, इथलं बोलणं इथेच राहतं. मग मागच्या मीटिंगचं पुढच्या मीटिंगला कन्फर्म कसं करणार? ॲडमिनिस्ट्रेशन कच्चं आहे.

जो बोलतो तो आधी 'मी मद्यपी आहे' असं सांगतो. माझी पाळी आली तेव्हा मी स्पष्ट केलं की मी फक्त ऐकायला आले आहे. सगळे एका सुरात म्हणाले, वेलकम. फार आदराने. बाई पाहणीला आल्यात हे ओळखलं असावं.

धाकटी बसमध्ये बरोबर होती. ती त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गेली. जिन्याशी बोर्ड आहे, 'पेंटिंग क्लास, दुसरा मजला'. या वयात तिला हौस सुचली. मला बोलली नाही, पण बरं वाटलं.

१२ मार्च, गुरुवार

घरात काय चाललंय तेच कळत नाही.

धाकटीची कंबर धरली. तिने मला न विचारता माझ्या कपाटातली शेकायची रबरी पिशवी काढली. पिशवी भरलेली होती. आता व्होडका मी रबरी पिशवीत ठेवते याला कारण आहे. काचेची बाटली फुटते. या वयात पायात काच गेली तर केवढ्याला पडेल.

धाकटीने काचेचा जग आणला, पिशवीतलं सगळं त्यात ओतलं, वर बशी झाकली आणि जग माझ्या टेबलावर आणून ठेवला. मग पिशवीत गरम पाणी भरून झोपली. तिने आरडाओरडा केला असता तरी परवडलं असतं. एवढा अपमान मला ऑफिसमध्ये कधी कोणी केला नाही. जग मात्र घासून लख्ख केलेला होता.

आजपासून निम्मं. म्हणजे हा जग संपेपर्यंत नेहमीप्रमाणे, नवीन आणलं की निम्मं.

१८ मार्च, बुधवार

मीटिंगमध्ये माझी किंमत कळायला लागली आहे. काल कॅप्टननी एका ब्यूटी पार्लरवालीला माझ्याशेजारी आणून बसवलं. म्हणाले, दोघींनी एकमेकींचे नंबर घ्या, रोज बोलत जा. बाई पस्तिशीची. केस दोन रंगांचे, नखांवर चमकी. मी पाहताक्षणी समजले. अशा मुलीला कोणीतरी वळण लावायला हवं, आणि त्या खोलीत ते करणार कोण, माझ्याशिवाय? कोण कोणाला सांभाळणार, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

ती मला मॅडम म्हणते. सुरुवात चांगली आहे.

२५ मार्च, बुधवार. सकाळ

पार्लरवाली रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी फोन करते. "मॅडम, आज कसं?" बिचारीला दिवस सुरू करायला कोणाचा तरी आवाज लागतो. मी तिला धीर देते. ती म्हणते, उद्याचं उद्या, आपण आजचा दिवस काढू, चालेल ना? मी म्हणते, चालेल, काढ. मग ती विचारते, काल झोप लागली का, जेवलात का. माझी काळजी करण्यात तिचं स्वतःकडचं लक्ष हटतं, म्हणून मीही खुलासेवार उत्तरं देते. ही ट्रीटमेंट माझी मीच शोधून काढली.

निम्म्याचं अजून जमलं नाही. महिनाअखेर आहे. महिना अर्धवट असताना नवीन काही सुरू करू नये.

८ एप्रिल, बुधवार

जिना चढताना ती माझा कोपर धरते. वयाचा मान. खोलीत शिरण्याआधी मला पेपरमिंट देते आणि स्वतःही खाते. मला वाटतं, तिच्या तोंडाला वास येत असावा. मी तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून घेते.

खुर्च्यांचा गोल मी खडूने आखून घेतला. आता गोल गोल झाला आहे. गळका थर्मास काढून घरचा नेला. सगळ्यांनी चहाची तारीफ केली. मंगळवारी या लोकांना मी हवी असते. घरी कोणाला हवी आहे?

धाकटीने अजून एकही चित्र घरी आणलं नाही. एखादं सफरचंद तरी? मी म्हटलं, क्लास कसा चाललाय? ती म्हणाली, मदत होते. जिद्द कमी आहे तिच्यात, लहानपणापासून.

२९ एप्रिल, बुधवार

धक्का. काल चहाची जबाबदारी कोणाकडे द्यायची ते ठरलं, आणि ती मला मिळाली नाही. एका पोरसवदा प्लंबरला दिली. खुर्च्या माझ्या खडूवर, थर्मास माझा, आणि इन्चार्ज प्लंबर.

कॅप्टनना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, ज्यांची बंद होऊन काही महिने झालेत त्यांनाच हे काम देतात, तुमचंही होईल. मी हसून म्हटलं, मी कधी सुरूच केलेली नाही, तर बंद कुठून होणार? ते हसले नाहीत. त्यांना विनोद कळत नाही. आणि हो, ते बोटीवर नव्हते. बँकेत कॅशियर होते. कॅप्टन हे क्लबातल्या पत्त्यांमुळे. डुलतात ते गुडघ्यामुळे.

थर्मास परत मागावा का, हा विचार दिवसभर चालू आहे.

७ मे, गुरुवार

बाथरूममध्ये पडले. फरशीचा दोष आहे, मी बिल्डिंगच्या सेक्रेटरीला सांगणार आहे. गालफडावर निळं झालं. धाकटी दुकानात होती. पार्लरवालीचा सकाळचा फोन आला, मी उचलला आणि काय बोलले आठवत नाही, पण ती गिऱ्हाईक सोडून आली.

आधी तिने बर्फ लावला. मग पेटी उघडून गालावर क्रीम, त्यावर पावडर, इतक्या हलक्या हाताने की मला आई आठवली. तोंडाने सारखं चालू होतं, नवरीचे फोड झाकते, नवऱ्याचे झाकते, एका वरमाईची तर अख्खी रात्र झाकली होती. मी हसले. मग तिने विचारलं, डॉक्टरांना दाखवायचं का, नुसता गाल नाही, सगळंच. मी म्हटलं, आधी तू स्वतःकडे बघ. ती म्हणाली, बघते की, मॅडम, रोज.

धाकटीला संध्याकाळी काही दिसलं नाही. दिसलं असेल तर बोलली नाही. ही न बोलण्याची पद्धत तिने अलीकडे कुठून उचलली कोण जाणे. पूर्वी भांडायची. घर कसं भरलेलं वाटायचं.

१३ मे, बुधवार

आनंदाची बातमी. पार्लरवालीने दारू सोडल्याला पुढच्या मंगळवारी वर्ष होतं. असा दिवस तिथे वाढदिवस म्हणून करतात, केक कापतात, जवळच्या एकाने चार शब्द बोलायचे असतात. ती मला म्हणाली, तुम्ही आलात तरी खूप झालं. आडून सुचवत होती. भाषण मीच करणार.

हिशेबात एक गोष्ट बसत नाही. ती माझ्याकडे मार्चमध्ये आली, म्हणजे वर्षातले बरेच महिने माझ्या आधीचे आहेत. पण पाया कच्चा असणार. तो मी पक्का केला.

धाकटीला सांगितलं की त्या दिवशी मी बोलणार आहे, तू क्लास सोडून खाली ये. ती म्हणाली, येणारच आहे. तिचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला माझा अभिमान वाटला असावा. एक जूनचं आता ती आपणहून रद्द करेल. मी विषय काढणार नाही. मोठेपणा दाखवेन.

२० मे, बुधवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिते.

काल घशापुरतं घेऊन गेले. भाषणाआधी नामवंत गायिकाही घेतात असं ऐकलं आहे. जिन्यात पार्लरवालीने कोपर धरला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. पेपरमिंट दिलं नाही.

केक मांडला होता. मी उभी राहिले. शाळेत एलोक्यूशनला शिकवलं होतं तशी, खांदे मागे, वाक्याच्या शेवटी आवाज पाडायचा नाही. म्हटलं, हे रोपटं माझ्याकडे आलं तेव्हा सुकलेलं होतं. रोज सकाळी मी त्याला शब्दांचं पाणी घातलं. तिची झोप, तिचं जेवण, तिचा एकेक दिवस मी माझ्या हातांनी पुढे ढकलला. आज जी फुललेली दिसते ती माझी मेहनत आहे, आणि मला त्याचा मुळीच गर्व नाही.

टाळ्या नाहीत. प्लंबर बुटाकडे बघत होता. पार्लरवालीने हातातली केकची सुरी खाली ठेवली.

"ताई," ती म्हणाली, "कॅप्टननी तुम्हाला माझ्याकडे दिलंय. मला तुमच्याकडे नाही. सकाळचा फोन मी तुमच्यासाठी करते. आजही तुम्ही घेऊन आलात, ते मला जिन्यातच कळलं. तरी मी तुम्हाला वर आणलं, कारण तुम्ही आलात ना, हेच मला पुरे आहे."

ताई. मला ताई म्हणणारं जगात एकच माणूस आहे.

आणि ते माणूस दारात उभं होतं. वरची मंडळी केकसाठी खाली आली होती, त्यात धाकटी, हातात कागदी बशी. ना ब्रश, ना बोटाला रंग. पेंटिंग क्लास सोमवारी असतो. मंगळवारी वर बसतात ते लोक, ज्यांच्या घरात कोणी पितं.

ती तिथे दोन वर्षं जाते आहे, मंगळवारी दुकान उशिरा बंद होतं असं मी समजायचे. पार्लरवालीला ओळखते. कॅप्टनना ओळखते. ज्यांनी मला 'वेलकम' म्हटलं, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या बायका माझ्याबद्दल सगळं ऐकून होत्या. मी पाहणी करत होते म्हणे.

केक न खाता घरी आले. थर्मास उचलून आणला. चहासकट.

२२ मे, शुक्रवार

धाकटीशी बोलत नाही. सकाळी तिचा चहा केला, पण बोलले नाही.

ती म्हणते, मी पेंटिंग म्हणाले होते का कधी? नाही म्हणाली. पण मी म्हणत होते तेव्हा गप्प बसली, ते काय? साहेबांकडे लोक एकमेकांचे पाय ओढायचे, कागद गायब करायचे, पण ते परके होते. दोन वर्षं ही माझं पडणं-धडपडणं परक्यांच्या ओटीत घालत होती आणि घरी येऊन माझ्या हातची आमटी खात होती. पार्लरवालीचे फोन येतात. उचलत नाही. तीही त्यांच्यातलीच.

आता दाखवतेच. कोणाच्या मदतीशिवाय, एकटीने, पूर्ण बंद. उद्यापासून. आज राग आहे, रागात केलेला निश्चय टिकत नाही.

३१ मे, रविवार

धाकटीच्या बॅगा हॉलमध्ये आहेत. मला वाटत होतं ती नुसती भीती दाखवते आहे. त्यांत उशीही घातली आहे. भीती दाखवायला कोणी उशी भरत नाही.

मी अखेर बोलले. म्हटलं, वर तुम्हाला शिकवतात तरी काय? घर मोडायला?

ती बॅगेची चेन लावत होती. म्हणाली, "तुझ्या खोलीत काही पडल्याचा आवाज आला की लगेच धावायचं नाही, हे शिकवतात. मला नाही जमत, ताई. भिंतीला कान लावून बसते. म्हणून जाते."

मी बॅगेचा पट्टा सरळ केला. साहेबांच्या वतीने मी मोठमोठ्या माणसांना उत्तरं दिली आहेत.

१ जून, सोमवार

गेली. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा ती माझ्या चष्म्याच्या काचा पुसत होती. पुसून नाकावर बसवला, दांड्या कानामागे नीट केल्या, दुकानात करते तशा.

पाठीत खुपसलेलं मी विसरणार नाही. जिन्यावरून हात केला, ती मागे वळून बघत होती, म्हणून.

५ जून, शुक्रवार

तारीख पेपरवरून लिहिली. मधले दिवस नीट लागत नाहीत.

काल काहीतरी पडलं. मीच. पडून राहिले आणि ऐकत राहिले. पलीकडच्या खोलीतून कोणी आलं नाही. मला आधी तिचा राग आला, धावत का येत नाही म्हणून. मग आठवलं की ती खोली रिकामी आहे.

सरपटत फोनपर्यंत गेले. धाकटीला केला नाही. पार्लरवालीला केला. तिने विचारलं नाही की इतके दिवस का उचलला नाही. म्हणाली, दार उघडता येईल का, नसेल तर प्लंबरला घेऊन येते.

७ जून, रविवार. दुपार

उद्या सकाळी पार्लरवाली टॅक्सी घेऊन येणार. आठवडाभर हॉस्पिटल. काल तिने दाखवलं ते डॉक्टर म्हणतात, माझ्यासारखीने घरी एकदम बंद करणं जिवाला धोक्याचं. 'हॉस्पिटल'च्या जागी आधी 'चेकअप' लिहिलं होतं. खोडलं.

रजेवर जाताना टेबलावर हँडओव्हर नोट ठेवायची माझी पद्धत आहे. अक्षर आज रेघेवर बसत नाही, म्हणून इथे कच्ची करते. फेअर उद्या पार्लरवालीकडून लिहून घेईन.

पुढच्या दाराची जास्तीची किल्ली पार्लरवालीला. बिल्डिंगच्या सेक्रेटरीला देऊ नये, तो कौतुकाने सगळ्यांना सांगेल.

बाल्कनीतल्या कुंड्या समोरच्या आजोबांना. पाणी बेताने. फुलं आली तर त्यांनीच ठेवावीत.

शिवणाचं मशीन धाकटीला, भाचीच्या पत्त्यावर. सुईचा डबा वेगळा बांधावा. भाडं इथून द्यावं.

ऑफिसच्या निरोप समारंभातलं घड्याळ प्लंबरला. त्याला मीटिंग वेळेवर सुरू करता येत नाही.

घरातल्या सगळ्या बाटल्या पार्लरवालीला, ओतून टाकायला. ओव्हनमध्ये एक, लोकरीच्या टोपलीत एक, लॉफ्टवरच्या सुटकेसमध्ये दोन. आणखी एक जागा आहे, ती आत्ता आठवत नाही.

आठवते. गीझरच्या मागे. मी तिथे असताना ओतू नये. मी नाही म्हणेन.

निरोप एकच, तोही पार्लरवालीकडे. दर मंगळवारी मीटिंग सुटली की धाकटीला फोन करून कळवावं, ताई आल्या होत्या. आले असेन तरच.